टाकी अर्धी झाली की बंद पडणारा ट्रॅक्टर: फीड पंपाच्या बँजोची गळती

हस्ताचा पाऊस उघडून चार दिवस झाले होते. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात वाफसा आला होता आणि ज्वारीची पेरणी तोंडावर होती. अशा वेळी आबांचा फोन आला. ट्रॅक्टर रानात उभा आहे, रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) लावला की दहा-पंधरा मिनिटांत बंद पडतो, आणि एका मेस्त्रीने डिझेल दाबाने इंजिनाकडे पाठवणारा मेन पंप उतरवावा लागेल, चौदा हजार धरून चला, असं सांगितलं आहे. पंप उतरवायचा म्हणजे सोलापूरला नेणं आलं, तिथे नंबर लावणं आलं. चार-पाच दिवस सहज जाणार, आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही.

ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, ४५ एचपीचा, २०१२ सालचा. मेन पंप साधा इनलाइन, त्याच्या कुशीला टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप आणि त्यावर हाताने मारायचा प्रायमर, म्हणजे हातपंप, पुढे दोन डिझेल फिल्टर. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. अशा यंत्राचं दुखणं कान, डोळे आणि थोडा धीर यांच्या जोरावर सापडतं.

मी गेलो तेव्हा आबांनी एक गोष्ट बोलता बोलता सांगितली. त्यांना ती महत्त्वाची वाटत नव्हती. "टाकी भरलेली असली की चालतोय की. अर्ध्याच्या खाली गेली की मग नखरे." मी तीनदा विचारून खात्री केली. होय, असंच. आणि त्यांची टाकी बहुतेक वेळ अर्ध्याच्या खालीच असायची, कारण पेट्रोल पंपावरून कॅनमधून दहा-दहा लिटर आणून ओतायची सवय. पेरणीच्या दिवसांत एकदम चार-साडेचार हजारांचं डिझेल भरणं सगळ्यांना जमत नाही.

या एका वाक्याने माझा मेन पंपावरचा संशय निम्मा उतरला. पंपातला प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा, झिजला असेल तर त्याला टाकीत किती डिझेल आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तो भरल्या टाकीवरही तसाच वागेल.

दुसरी तक्रार गळतीची होती. ट्रॅक्टर उभा राहिला की खाली डिझेलचा डाग. फीड पंपाचा तळ ओला, सेल्फ मोटर ओली, त्यावर मातीचा बोटभर थर. आबांनी रात्री खाली बाटली लावून पाहिली होती, सकाळपर्यंत जवळजवळ ३०० मिली जमलं होतं. लिटरला नव्वदच्या आसपास भाव असताना हे रोजचे सत्तावीस रुपये जमिनीत. रात्री कॉक बंद केला असता तर तेवढं वाचलं असतं, पण कॉकची मूठ गंजून अडकलेली होती आणि ती पक्कडीने फिरवायची कुणाची हिंमत होत नव्हती.

गळतीकडे आणि बंद पडण्याकडे सगळे दोन वेगवेगळी दुखणी म्हणून पाहत होते. गळतीवर साबण लावला होता, बंद पडण्यावर पंप उतरवायचा बेत होता. मला वाटत होतं की दुखणं एकच आहे.

त्याचं कारण असं. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाईप ही ओढीची बाजू. इंजिन बंद असतं तेव्हा टाकी वर आणि फीड पंप खाली, म्हणून त्या पाईपला कुठे भेग असली तर डिझेल स्वतःच्या वजनाने बाहेर येतं. इंजिन सुरू झालं की फीड पंप ओढू लागतो. टाकीतल्या डिझेलचा दाब आणि पंपाची ओढ यांत ओढ वरचढ झाली की त्याच भेगेतून डिझेल बाहेर यायचं थांबतं आणि हवा आत जाते. म्हणून चालू ट्रॅक्टरखाली पाहणाऱ्याला गळती दिसत नाही आणि तो म्हणतो, गळती किरकोळ आहे. टाकी भरलेली असेल तर वरचा दाब थोडा जास्त, हवा कमी शिरते. टाकी उतरली की तोल बिघडतो. रोटरला जोर लागला की इंजिनाचं डिझेल वाढतं आणि ओढही वाढते, मग हवेचे बुडबुडे मेन पंपापर्यंत पोचतात. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडायला साधारण २०० बार दाब लागतो, आणि बुडबुडा मध्ये आला की तेवढा दाब तयारच होत नाही. इंजिन मिसिंग करतं, आवाज वरखाली होतो, मग मरतं. हातपंप मारून एअर काढली की पुन्हा दहा मिनिटं चालतं. आबांच्या ट्रॅक्टरचं वागणं शब्दशः असंच होतं.

पण वाटणं आणि ठरवणं यांत फरक आहे. चौदा हजारांचा निर्णय माझ्या वाटण्यावर घ्यायचा नव्हता.

आधी टाकीचं झाकण. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र मातीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि लक्षणं अगदी अशीच दिसतात. झाकण सैल करून ट्रॅक्टर चालवला, पुन्हा बंद पडला. छिद्र साफच होतं. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि पहिलं तेच करावं.

मग कॅन. टाकीचा पाईप फीड पंपावरून सोडवला आणि माझ्याजवळचा चांगला बँजो (पाईपच्या टोकाचं गोल कडं, जे पोकळ बोल्टने पंपाला आवळतात) नव्या रबरी पाईपसकट तिथे बसवला. पाईपचं दुसरं टोक पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये. इथे एक बारकावा सांगतो, कारण हीच तपासणी चुकीची केलेली मी अनेकदा पाहिली आहे. बरेच जण कॅन बॉनेटवर बांधतात. कॅन उंच ठेवला की डिझेल आपोआप खाली येतं, फीड पंपाला ओढावं लागत नाही, आणि फीड पंप कमजोर असला तरी किंवा त्याच्या आत हवा शिरत असली तरी ते झाकून जातं. मी कॅन पायठणीवर, फीड पंपापेक्षा खाली ठेवला. आता फीड पंपाला खरोखर ओढून आणावं लागणार होतं. आबांच्या मुलाने रोटर लावून चाळीस मिनिटं रान केलं. एकदाही अडखळला नाही. मेन पंप निर्दोष, फीड पंप निर्दोष. दोष टाकी ते फीड पंप या दोन-अडीच फुटांतच होता.

आबांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ओलं दिसतं तिथे गळती नसते

जुना पाईप परत जोडला. टाकीपासून खालपर्यंत सगळं ब्रशने डिझेल मारून धुतलं, कोरड्या फडक्याने पुसलं आणि वाळू दिलं. मग शाळेतला पांढरा खडू किसून त्याची पूड प्रत्येक जोडावर भुरभुरली. कॉक, खालची काचेची वाटी, तिथला नट, पाईपची पूर्ण लांबी, फीड पंपावरचा बँजो. टाकी भरली, कॉक उघडा, इंजिन बंद, आणि आम्ही चहाला बसलो.

डिझेलही पाण्यासारखा उतार धरतं. पाईपच्या पोटाखालून सरकत ते सर्वांत खालच्या जागी जाऊन थेंब होतं. ओला तळ पाहून लोक तळाचा जोड आवळतात. खडू मात्र फसवत नाही, कारण तो पहिल्यांदा जिथे ओला होतो तिथेच काळपट होतो. वीस मिनिटांनी दाढीचा छोटा आरसा खालून धरून पाहिलं. बँजोच्या गोल कड्याला पाईप जिथे पितळी डागाने जोडलेला असतो, त्याच्या मानेवर, खालच्या अंगाला, केसाएवढी काळी रेघ उमटली होती. वरून पाहून ती जन्मात दिसली नसती. वॉशरच्या दोन्ही बाजूंचा खडू कोरडा होता.

म्हणजे ज्या वॉशरवर सगळ्यांनी राग काढला होता, त्यांचा काही दोषच नव्हता. आबांनी सांगितलं की ते तीनदा बदलले होते. बोल्ट काढल्यावर एका बाजूला दोन वॉशर एकावर एक बसवलेले मिळाले. एकाने गळती थांबत नाही म्हणून दोन. असं करू नये. दोन वॉशर म्हणजे गळायला आणखी एक जागा. बोल्टच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली होती. बँजो बोल्टच्या आट्या गळती अडवत नाहीत, ते काम तांब्याच्या वॉशरचं. एक वॉशर बोल्टच्या डोक्याखाली आणि कड्याच्या मध्ये, दुसरा कड्याच्या आणि पंपाच्या मध्ये. टेपचा तिथे काही उपयोग नाही, उपद्रव मात्र आहे, आणि तो पुढच्याच मिनिटाला दिसला. फीड पंपाच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीवर टेपचे तंतू अडकलेले होते. टाकीतल्या पाण्याने झालेला चिकट गाळही होता. अर्धी जाळी बंद. जाळी बंद म्हणजे पंपापर्यंत डिझेल कमी पोचणार, आणि भेगेतून आलेल्या थोड्या हवेचाही वाटा मोठा होणार. भेग जुनी असेल, पण पेरणीच्या तोंडावर दुखणं एवढं का वाढलं याचं उत्तर मला त्या जाळीत मिळालं.

गळती बंद होत नाही म्हणून बोल्ट इतका आवळला होता की त्याच्या षटकोनी डोक्याचे कोपरे गोल झाले होते. बँजो बोल्ट आतून पोकळ असतो. त्याला साध्या बोल्टसारखी ताकद लावली तर तो पंपातच तुटतो, आणि मग मात्र पंप खरोखर उतरवावा लागतो. आबांच्या नशिबाने आट्या शाबूत होत्या.

बदली

या मॉडेलचा मूळ पाईप, दोन्ही टोकांसह, मंगळवेढ्यात नव्हता. सोलापूरहून दोन दिवसांनी येणार होता. दुकानात सुटा बँजो मिळाला, मागे रबरी पाईप चढवायला खाचांची शेपटी असलेला. १८० रुपये, बोल्टसकट. सोबत डिझेलचाच ८ मिलीमीटर आतल्या मापाचा जाड रबरी पाईप फूटभर, दोन क्लिपा, चार तांब्याचे वॉशर. पाईप घेताना डिझेलसाठीचाच मागून घ्या. पाण्याचा किंवा फवारणीचा पारदर्शक पाईप डिझेलमध्ये काही महिन्यांत कडक होतो, तडकतो, आणि पुन्हा हीच कहाणी सुरू होते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली. फीड पंपाच्या खालीच सेल्फ होता, त्याच्या जाड तारेला पाना टेकला तर ठिणगी पडते, आणि सगळीकडे डिझेल सांडलेलं. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३५ अंश सेल्सिअस धरलेला आहे, आणि ऑक्टोबरच्या उन्हात बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. बिडी पेटवणाऱ्या एकाला मी लांब उभं केलं. त्याला राग आला, येऊ दे.

कॉक आधी रॉकेल सोडून मोकळा केला आणि बंद केला. पाईपाचं भेगाळलेलं टोक मी हॅकसॉने कापलं. खरं तर पाईप कटरने कापायला हवं होतं, हॅकसॉचा कीस आत जातो. कटर गॅरेजवर राहिला होता. म्हणून कापलेला तुकडा कानशीने घासून, आतून डिझेल ओतून, फुंकून तीनदा साफ केला. उरलेला लोखंडी पाईप आणि नवा बँजो यांच्यामध्ये रबरी पाईपाचा बोटभर तुकडा आणि दोन्ही बाजूंना क्लिप. पंपाच्या तोंडाचा सपाट भाग स्वच्छ पुसला. तिथे जुन्या वॉशरचा कण किंवा ओरखडा राहिला तर नवा वॉशरही गळतो. दोन नवे वॉशर, एकेक बाजूला एकेक. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवला, मग रिंग पान्याने, पान्यावर पाईप न चढवता, मनगटाच्या जोरावर आवळला. ही कमी दाबाची जागा आहे, तिथे राक्षसी जोर लागत नाही.

नवे वॉशर मिळाले नाहीत तर जुने चालतात का, असं आबांच्या मुलाने विचारलं. चालवता येतात. तांबं दाबून दाबून कडक होतं. गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवलं आणि पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ पडतं. वरची काळी पापडी बारीक पॉलिश पेपरने काढायची. पण वॉशर दहा रुपयांना मिळत असताना हे फक्त अडल्या वेळी.

मग एअर काढली. पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू दोन आटे सैल, हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग थुंकल्यासारखं डिझेल, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, पंप मारणं थांबवून नाही. मग दुसरा फिल्टर, मग मेन पंपाचा स्क्रू. शेवटी हातपंपाची मूठ दाबून फिरवून बसवायची. ती उघडी राहिली तर तिथूनही हवा शिरते. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये त्याला दम खाऊ द्यायचा. दुसऱ्या प्रयत्नात ट्रॅक्टर सुरू झाला.

मेन पंपाच्या पुढचे, नोझलकडे जाणारे पाईप मात्र चालू इंजिनवर बोटाने तपासायचे नाहीत. तिथली बारीक धार कातडीत सुईसारखी शिरते. वरून एक ठिपका दिसतो आणि आत बोट सडू लागतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठायचा. तिथली गळती पुठ्ठा धरून पाहायची. आणि १ जानेवारी २०२३ नंतर ५० एचपीच्या वरचे जे नवे ट्रॅक्टर आले, त्यांतल्या कॉमन रेल या कॉम्प्युटरने चालणाऱ्या डिझेल यंत्रणेचे दाबाचे जोड रानात कुणीही उघडू नयेत. तिथला दाब हजार बारच्या पुढचा, आणि धुळीचा एक कण आत गेला तर नुकसान मोठं. मी इथे सांगतो आहे ते जुन्या साध्या पंपाच्या ओढीच्या बाजूपुरतं.

अंधार पडेपर्यंत आबांनी उरलेलं रान रोटरून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेरणी.

अकराव्या दिवशी

अकराव्या दिवशी पुन्हा फोन. बंद पडत नाही, पण सकाळी सेल्फ लांबतो आणि खाली ओलं आहे.

जाताना मला जाणवत होतं की चूक माझी आहे. मी ते काम तात्पुरतं म्हणून केलं होतं, पण आबांना ते स्पष्ट बोलून दाखवलं नव्हतं. मूळ पाईप मागवा, असंही ठासून सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टर चालू झाला, सगळे खूश, मीही निघून आलो.

रबरी तुकडा लोखंडी पाईपावरून दोन-तीन मिलीमीटर मागे सरकलेला होता. नव्या बँजोच्या शेपटीला खाचा होत्या, तिथे तो घट्ट होता. पण मी कापलेलं लोखंडी टोक गुळगुळीत होतं, त्याला कड नव्हती. नुसत्या क्लिपच्या दाबावर रबर तिथे धरून राहत नाही, आणि पाईप हलत असेल तर मुळीच नाही. पाईप हलत होता. इंजिन चालू करून त्यावर बोट ठेवलं तर बोट झिणझिण्या आल्यासारखं थरथरलं.

कंपनीने दोन फुटांचा लोखंडी पाईप असा अधांतरी सोडला असेल, हे पटेना. मी ब्लॉकच्या बाजूची माती स्क्रू-ड्रायव्हरने खरवडत गेलो, आणि पाईपाच्या मध्यावर, बरोबर मागे, चिखलाने भरलेलं आट्यांचं एक छिद्र सापडलं. पाईपाच्या त्याच जागी रंग उडालेला पट्टा होता, रबर बसलेली क्लिप जिथे असायची तिथे. आबांना विचारलं. आदल्या वर्षी सेल्फ उतरवला होता. तेव्हा आड येणारी क्लिप काढली गेली आणि परत लागली नाही.

भेग तिथून आली होती. मध्ये आधार नाही, म्हणून पाईपाचा सगळा थरथराट एका टोकाला, बँजोच्या मानेवर यायचा. पितळी डागाच्या शेजारची ती जागा पाईपातली सर्वांत ताठ आणि म्हणून सर्वांत आधी थकणारी. तार वरखाली वाकवत राहिलं की ती एका जागी तुटते, तसंच. त्या दिवशी मी भेग शोधली, बदलली, पण ती तिथेच का पडली हे विचारलं नाही. रंग उडालेला पट्टा मला पहिल्या दिवशीही दिसला होता. पेरणीच्या गडबडीत मी त्याच्यावरून नजर काढून घेतली.

यावेळी मूळ पाईप सोलापूरहून येईपर्यंत थांबलो. छिद्रातली माती काढून आटे साफ करणारा टॅप फिरवला, योग्य मापाचा बोल्ट आणि आत रबर असलेली क्लिप लावली. पाईप बसवताना दोन्ही टोकांचे बोल्ट आधी हाताने अर्धवट लावले, मग क्लिप, आणि सगळं आपापल्या जागी आलं की शेवटी आवळलं. आधी एक टोक आवळून दुसरं ओढून बसवलं तर पाईप पहिल्या दिवसापासून ताणाखाली राहतो. पुन्हा खडू, पुन्हा टाकी भरून रात्रभर उभा. सकाळी खडू पांढराच. टाकी मुद्दाम पाव भागावर आणून रोटर लावला, तासभर चालवला. ठीक.

दोन्ही खेपांचं सामान आणि मजुरी मिळून आबांना सतराशे रुपये खर्च आला. दुसऱ्या खेपेची मजुरी मी घेतली नाही, ती घेण्यासारखी नव्हती.

फेब्रुवारीत ज्वारीच्या काढणीच्या वेळी मी त्याच वाटेने गेलो तेव्हा ट्रॅक्टर बांधावर उभा होता. तासाचं मीटर १३० तासांनी पुढे गेलेलं. मी वाकून बँजोखाली पाहिलं. धूळ होती. फुंकर मारली तर उडून गेली.